पहिली सुई स्वतःला : वाल्देमार हाफकिन

प्रस्तावना

आजारी माणूस आपण होऊन औषध मागतो, कारण त्याला वेदना होत असतात. निरोगी माणसाची गोष्ट वेगळी असते. आपले शरीर धडधाकट असताना कोणी अनोळखी माणसाने दारात यावे, अंगात सुई टोचावी आणि त्यामुळे दोन दिवस ताप यावा, हे त्याने का मान्य करावे? उद्या येऊ शकणाऱ्या संकटासाठी आज त्रास सोसायला सहसा कोणी तयार होत नाही. म्हणूनच रोगप्रतिबंधाच्या कामात शास्त्राइतकेच महत्त्व लोकांच्या विश्वासाला असते.

हा विश्वास कसा मिळवावा लागतो आणि एका दुर्घटनेने तो कसा डळमळीत होतो, हे वाल्देमार हाफकिन यांच्या जीवनातून समजते. पटकी आणि प्लेग या दोन भयंकर रोगांवर त्यांनी प्रतिबंधक लसी तयार केल्या. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे भारतात गेली. मुंबईत परळ येथे असलेली हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या पाठात त्यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून दिला आहे.

बालपण व शिक्षण

वाल्देमार मोर्देकाई हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे; त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर हाफकिन यांनी ओडेसा येथील विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव यांच्यासारखे थोर जीवशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. शरीर रोगजंतूंशी कसा सामना करते, या विषयातील संशोधनासाठी मेचनिकोव यांना पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तो काळ रशियात मोठ्या अशांततेचा होता. झारच्या जुलमी राजवटीविरुद्ध तरुणांमध्ये असंतोष धुमसत होता. त्यातच ज्यू लोकांच्या वस्त्यांवर जमावाचे हल्ले होऊ लागले. ओडेसातील ज्यू वस्तीचे रक्षण करण्यासाठी जे तरुण पुढे आले, त्यांत हाफकिनही होते. या धामधुमीत ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली.

हाफकिन यांची बुद्धिमत्ता सर्वांना मान्य होती. परंतु ज्यू असल्यामुळे विद्यापीठात प्राध्यापक होण्याची वाट त्यांना बंद होती. धर्म बदलला असता तर हे पद मिळू शकले असते. हाफकिन यांना ते मान्य नव्हते. १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. काही काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे अध्यापन केले. १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. त्या वेळी तेथे ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा तेवढी रिकामी होती. हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली. ग्रंथालयातील काम सांभाळून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवू लागले.

पटकीवरील लस

पटकी म्हणजेच कॉलरा हा रोग त्या काळी जगभर थैमान घालत होता. सकाळी हिंडताफिरता असलेला माणूस जुलाब आणि उलट्यांनी संध्याकाळपर्यंत दगावत असे. या रोगाचे जंतू दूषित पाण्यातून पसरतात, हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८८३-८४ मधील संशोधनाने स्पष्ट होत होते. मात्र रोग टाळण्याचा खात्रीचा उपाय हाती आला नव्हता. स्पेनमध्ये लस टोचण्याचा एक प्रयत्न झाला होता. पण त्याच्या परिणामांविषयी शास्त्रज्ञांना खात्री वाटत नव्हती.

हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंवर काम सुरू केले. त्यांची कल्पना अशी होती की शरीराला रोगजंतूंची ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी. आधी दुबळे केलेले जंतू टोचावेत आणि काही दिवसांनी अधिक तीव्र जंतू टोचावेत. जंतू त्वचेखाली टोचल्यामुळे आतड्यात रोग उद्भवत नाही. परंतु शरीर त्यांच्याशी लढण्याची तयारी करते. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. पण प्राण्यांना जे मानवले ते माणसाला मानवेल का, हा प्रश्न उरलाच होता.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली. पण थोड्या दिवसांत ते पूर्ववत झाले. पुढे सहा दिवसांनी त्यांनी तीव्र जंतूंची दुसरी मात्रा घेतली. त्यांच्या काही मित्रांनीही स्वेच्छेने लस टोचून घेतली. माणसाला या लसीपासून अपाय होत नाही, एवढे यातून सिद्ध झाले. तिचा खरा उपयोग होतो की नाही, हे मात्र जेथे पटकीची साथ आहे अशा ठिकाणीच कळणार होते. लॉर्ड डफरिन हे भारताचे माजी व्हाइसरॉय त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली.

कलकत्त्याच्या वस्त्यांत

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास, पोहोचले. त्यांना देशात हिंडण्याची मोकळीक होती. पण लस कोणावरही सक्तीने टोचायची नाही, अशी अट होती. त्यांचे काम सोपे नव्हते. ते परदेशी होते, लोकांची भाषा त्यांना येत नव्हती. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते, वैद्य नव्हते. त्यामुळे सरकारी डॉक्टरही त्यांच्याकडे साशंक नजरेने पाहत. लोकांच्या मनात तर अनेक शंका होत्या. गोरा माणूस रोगाचेच विष अंगात घालतो आहे, असे पुष्कळांना वाटे. शिवाय लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येई. रोजंदारीवर पोट भरणाऱ्या माणसाला तेवढे दिवस घरी बसणे परवडणारे नव्हते.

पहिल्या वर्षी त्यांनी उत्तर भारतातील अनेक गावे, छावण्या आणि शहरे पालथी घातली. हजारो लोकांनी लस घेतली. परंतु लस घेतलेले लोक कोठे राहतात, त्यांच्या आसपास साथ आली का, त्यांना रोग झाला का, याचा माग ठेवणे कठीण जाई. तुलना करता आल्याशिवाय लसीचा उपयोग सिद्ध होणार नव्हता.

ही संधी १८९४ साली कलकत्त्यात मिळाली. शहराच्या आरोग्याधिकाऱ्यांनी हाफकिन यांना गरीब वस्त्यांमध्ये बोलावले. या वस्त्यांमध्ये मातीच्या भिंतींची घरे एकमेकांना खेटून उभी असत आणि अनेक कुटुंबांचे जीवन एकाच तळ्यावर अवलंबून असे. त्याच तळ्यात लोक आंघोळ करीत, कपडे धूत आणि तेथूनच पिण्याचे पाणी नेत. एखाद्याला पटकी झाली की साऱ्या वस्तीला धोका निर्माण होई.

हाफकिन यांनी बंगाली डॉक्टरांना आपल्या पथकात घेतले. हे डॉक्टर लोकांच्या भाषेत बोलत, त्यांच्या शंका ऐकून घेत. तरीही विरोध होत असे. काही ठिकाणी दगडफेक झाल्याचेही त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. अशा वेळी पोलीस बोलावण्याऐवजी हाफकिन आणि त्यांचे सहकारी जमावासमोर एकमेकांना लस टोचून दाखवीत. पहिली सुई स्वतःला टोचलेली पाहून लोकांची भीती हळूहळू कमी होई. मग एखादा धीट माणूस पुढे येई, त्याच्यामागून दुसरा.

काठालबागान या वस्तीत मार्चच्या अखेरीस पटकीने काही जण दगावले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर वस्तीत रोग पुन्हा उद्भवला, तेव्हा नवे रुग्ण लस न घेतलेल्या लोकांमध्येच आढळले. घरे तीच, तळे तेच, पाणी तेच. फरक होता तो फक्त लसीचा. ही तुलना कोणालाही समजेल इतकी सरळ होती. शेजारच्या घरात काय घडले ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे पुढे वस्त्यांमधून लस घेण्यासाठी रांगा लागू लागल्या. हाफकिन यांचे पथक पहाटेच, मजूर कामावर जाण्यापूर्वी, वस्तीत पोहोचे आणि ते परतल्यावर संध्याकाळी पुन्हा हजर होई.

१८९५ साली हाफकिन आसामातील चहाच्या मळ्यांत गेले. तेथील मजुरांमध्ये पटकीचे प्रमाण फार होते. अडीच वर्षांच्या अवधीत भारतात एकूण सुमारे ४२ हजार लोकांनी पटकीची लस घेतली. या श्रमांमुळे त्यांची प्रकृती खालावली. हिवतापाने ते जर्जर झाले आणि त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले. प्रकृती पुरती सुधारलेली नसतानाही १८९६ साली ते पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

त्याच वर्षी मुंबईवर नवे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी हा गोदामांचा भाग होता. तेथे धान्याची कोठारे होती आणि उंदरांचा सुळसुळाट होता. जांघेत किंवा काखेत गाठ येणे, तीव्र ताप येणे आणि थोड्याच दिवसांत मृत्यू येणे, असे या रोगाचे स्वरूप होते. रोग शहरभर पसरला. लाखो लोक मुंबई सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या, बाजार बंद झाले.

सरकारने रोग आवरण्यासाठी कठोर उपाय योजले. १८९७ साली साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा झाला. घरांची झडती घेणे, रुग्णांना बळजबरीने रुग्णालयात नेणे, घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवणे, सामान जाळून टाकणे, असे प्रकार सुरू झाले. पुण्यात तर झडतीसाठी गोऱ्या सैनिकांना घराघरांत पाठवण्यात आले. देवघर, माजघर कशाचीही मर्यादा पाळली गेली नाही. स्त्रियांची विटंबना झाल्याच्या तक्रारींनी लोक संतप्त झाले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. मुंबईतही त्याआधी गिरणी कामगारांच्या जमावाने प्लेगच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. रोगाइतकीच रोग आवरणाऱ्यांचीही लोकांना धास्ती वाटू लागली. भीतीपोटी लोक रुग्ण लपवू लागले आणि त्यामुळे साथ अधिकच पसरली.

याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांच्या शुश्रूषेसाठी धावल्या होत्या. ही सेवा करतानाच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकांवर हुकूम गाजवणारे आणि लोकांसाठी झिजणारे, असे दोन मार्ग त्या वर्षी महाराष्ट्राने पाहिले.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. एवढ्या साधनांवर त्यांनी प्लेगची लस तयार करण्याचे काम सुरू केले. प्लेगचे जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये ओळखले गेले होते. हे जंतू मांसाच्या पातळ अर्कात वाढवावे लागत. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावना दुखावतील, हे जाणून हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा अर्क वापरला. त्या अर्कावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या थेंबांना चिकटून जंतूंचे झुबके खाली लोंबू लागत आणि जंतूंची वाढ चांगली होई. नंतर उष्णता देऊन हे जंतू मारले जात. या लसीत मेलेलेच जंतू असत. तरीही त्यांच्यामुळे शरीराला रोगाशी लढण्याची तयारी करता येत असे.

तीन महिन्यांच्या अविश्रांत श्रमांनंतर लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना जेवढी मात्रा द्यायची होती, तिच्या तिपटीहून अधिक मात्रा त्यांनी घेतली. ताप आणि वेदना सोसून ते कामावर येत राहिले. त्यानंतर शहरातील काही मंडळी स्वेच्छेने लस घेण्यास पुढे आली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली. टोचण्यापूर्वीच ज्यांच्या शरीरात रोग शिरला होता त्यांना वगळता, लस घेतलेल्यांचे रोगापासून चांगले रक्षण झाल्याचे दिसून आले. अर्थात, तुरुंगातील माणसाची संमती कितपत मोकळी असते, असा प्रश्न आज आपण विचारतो. त्या काळी तो फारसा विचारला जात नसे.

विश्वासाची साखळी

मुंबईतील लोकांना पटवण्याचे काम हाफकिन एकट्याने करू शकले नसते. प्रत्येक समाजात ज्यांच्या शब्दाला मान होता, अशा व्यक्तींची साथ आवश्यक होती. खोजा मुसलमानांचे तरुण धर्मप्रमुख आगाखान तिसरे यांनी ही साथ दिली. त्यांचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. त्यांनी आपली वास्तू हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिली. एवढेच नव्हे, तर आपल्या अनुयायांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि तीही एकापेक्षा अधिक वेळा. आपल्या धर्मप्रमुखाला काही अपाय झाला नाही हे पाहून खोजा समाजातील हजारो स्त्रीपुरुषांनी लस घेतली. त्या समाजातील प्लेगचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटले. लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यांना छावणीत जाण्यापासून सूट मिळू लागली, हेही लोक पुढे येण्याचे एक कारण होते.

लसीची सर्वांत बोलकी पारख १८९८ साली बडोद्याजवळच्या उंडेरा या गावात झाली. गावात प्लेग होता. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली आणि निम्मी तशीच राहिली. पुढे २८ कुटुंबांत प्लेग उद्भवला. या कुटुंबांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ दगावली. लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ दगावली. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या माणसांत एवढा फरक पडला होता.

या आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. लस घेतलेल्यांपैकीही काहींना रोग झाला होता. हाफकिन यांनी हे कधी लपवले नाही. लस घेतली म्हणजे रोग होणारच नाही, असा दावा त्यांनी केला नाही. रोगाची आणि मृत्यूची शक्यता पुष्कळ कमी होते, एवढेच ते आकडे मांडून सांगत.

१८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. येथून भारताच्या कानाकोपऱ्यांत आणि परदेशांतही लस जाऊ लागली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या.

मुल्कोवालची दुर्घटना

कीर्तीच्या शिखरावर असतानाच हाफकिन यांच्यावर मोठा आघात झाला. १९०२ साली पंजाबात प्लेगची लस फार मोठ्या प्रमाणावर टोचण्याची मोहीम हाती घेण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. हे गाव पंजाबच्या आज पाकिस्तानात असलेल्या भागात येते. थोड्याच दिवसांत त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती.

रोगापासून रक्षण व्हावे म्हणून विश्वासाने हात पुढे करणाऱ्या १९ माणसांचा हा मृत्यू होता. त्यांच्या घरांवर कोसळलेल्या दुःखाची भरपाई कशानेही होणारी नव्हती. चूक कोठे झाली याची चौकशी होणे आवश्यकच होते. चौकशी आयोगाने असा निष्कर्ष काढला की बाटलीत धनुर्वाताचे जंतू परळच्या प्रयोगशाळेतच शिरले असावेत. मागणी वाढल्यामुळे हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत बदल केला होता. कार्बोलिक आम्ल न वापरता केवळ उष्णतेवर ते विसंबले होते, यावर आयोगाने बोट ठेवले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले.

परंतु मुल्कोवाल येथील नोंदींत दुसरी एक गोष्ट होती. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून न घेता, नुसता जंतुनाशकात खळबळून पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय हे जंतू प्रयोगशाळेतच बाटलीत शिरले असते, तर इतक्या दिवसांत ते वाढून द्रवाला दुर्गंधी आली असती. बाटली उघडली तेव्हा तशी दुर्गंधी कोणाला जाणवली नव्हती. म्हणजे बाटली दूषित झाली ती गावात, उघडतानाच, अशी शक्यता ठळक होती.

आपल्यावरील ठपका दूर व्हावा म्हणून हाफकिन कित्येक वर्षे झगडत राहिले. अखेर १९०७ साली हिवतापाचे संशोधक सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली. पुरावा तपासता त्यांच्यावरील आरोप टिकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त ठरवून पुन्हा सेवेत बोलावले.

उत्तरायुष्य

हाफकिन भारतात परतले. परंतु परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. तेथे त्यांना संशोधन करता येत होते. पण लस तयार करून लोकांमध्ये जाण्याचे काम त्यांच्या हाती उरले नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन त्यांनी भारताचा निरोप घेतला.

उर्वरित आयुष्य त्यांनी युरोपात व्यतीत केले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या संस्थेतून त्यांना दूर करण्यात आले होते, तिनेच त्यांच्या हयातीत त्यांचा असा गौरव केला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हाफकिन यांच्यानंतर वैद्यकशास्त्र खूप पुढे गेले आहे. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत काम करताना दाखवले. त्यामुळे घरातील व गोदामातील स्वच्छतेचे महत्त्व कळले. आज प्लेगवर प्रतिजैविक औषधे आहेत. पटकीसाठी तोंडावाटे घेण्याची लस आहे, मीठ-साखरेचे पाणी देऊन रुग्णाचे प्राण वाचवता येतात आणि शुद्ध पाणी हा तर पहिला प्रतिबंध ठरला आहे. हाफकिन यांनी बनवलेल्या लसींची जागा नव्या उपायांनी घेतली आहे.

त्यांची कार्यपद्धती मात्र जुनी झालेली नाही. लोकांच्या भाषेत बोलणारे सहकारी बरोबर घेणे, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळणे, त्यांच्या श्रद्धांचा मान राखणे, फायदा किती आणि त्रास किती हे न लपवता सांगणे आणि जो उपाय दुसऱ्याला सुचवायचा तो आधी स्वतः करणे, ही ती पद्धती होय. मुल्कोवालच्या दुर्घटनेने तिला आणखी एक धडा जोडला. जमिनीवर पडलेला एक चिमटा पुन्हा वापरण्याआधी उकळणे, हेही लोकांच्या विश्वासाला जागण्याचेच काम आहे. गावात किंवा वस्तीत आरोग्य शिबिर भरते, आरोग्यसेविका दारात येऊन बाळाच्या लसीची तारीख सांगते, तेव्हा याच पद्धतीचा अवलंब होत असतो. शंका विचारणाऱ्या आईला ती थांबून उत्तर देते, तेव्हा कलकत्त्याच्या वस्तीत सुरू झालेले काम पुढे जात असते.

स्वाध्याय

१. निरोगी माणसाला प्रतिबंधक उपाय पटवणे अवघड का असते?

२. कलकत्त्याच्या वस्त्यांमधील लोकांनी लसीला विरोध करण्याची कोणती कारणे पाठात आली आहेत? हाफकिन यांनी ती कशी दूर केली?

३. उंडेरा गावातील आकडे लिहून काढा. त्यांवरून लसीचा उपयोग आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट करा.

४. पुण्यातील प्लेगच्या वेळी सरकारने योजलेले उपाय आणि हाफकिन यांची कार्यपद्धती यांची तुलना करा.

५. तुमच्या परिसरात भरणाऱ्या एखाद्या आरोग्य शिबिराला भेट द्या. लोक कोणत्या शंका विचारतात आणि त्यांना कशी उत्तरे मिळतात, याविषयी आठ ते दहा ओळी लिहा.